अ‍ॅस्पेरिटी म्हणजे काय, हे मला विचारा

प्रश्न असा आहे: ‘अ‍ॅस्पेरिटी’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ कुठे खडबडीतपणा देतात, कुठे स्वभावातला कडवटपणा. खरा कोणता? शब्द आला कुठून, आणि बोलताना वापरावा का?

मी इंग्रजीतला माणूस नाही. मेकॅनिकल डिप्लोमा, सगळी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये गेली. पण हा शब्द माझ्या अप्रेझलच्या कागदावर शाईच्या पेनाने लिहिला गेलाय, तेव्हा यावर बोलायचा हक्क माझा.

१९९७ साल. भोसरीतल्या एका कंपनीत होतो, नाव नको. शाफ्टचा लॉट आला, तीनशे नग. ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बसतो त्या जागेला ड्रॉइंगवर आर.ए. (खडबडीतपणाची सरासरी) जास्तीत जास्त ०.४ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मी रफनेस टेस्टर लावला तर ०.९. दुसरा नग ०.८५. तिसरा परत ०.९. शाफ्ट दिसायला चकचकीत, नख फिरवलं तरी काही लागत नव्हतं. पण टेस्टरच्या हिऱ्याच्या टोकाला लागत होतं, आणि कागदाच्या पट्टीवर सह्याद्री उमटत होता. मी लाल रंगाने एकेका नगावर खूण करायला घेतली.

प्रॉडक्शनचे साहेब आले. शेजारी कस्टमरचा माणूस. म्हणाले, “चकाकतोय की. पास कर.” मी म्हटलं, “चकाकतंय म्हणून पास करायला मी सोनार नाही. सही तुम्ही करा.” त्यांनी केली.

मार्चमध्ये अप्रेझल झालं. शेरा दोनच वाक्यांचा: ‘टेक्निकली साउंड. मार्क्ड अ‍ॅस्पेरिटी.’

आता बघा. हा शब्द मला माहीत होता. टेस्टर घेतला तेव्हा ट्रेनिंग झालं होतं, त्यात शिकवणाऱ्याने फळ्यावर डोंगर काढून सांगितलं होतं की कितीही घासा, कुठलाही पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली असाच दिसतो, आणि ही जी शिखरं, त्यांना अ‍ॅस्पेरिटी म्हणतात. दोन भाग एकमेकांवर ठेवले की टेकतात ती फक्त शिखरं. घर्षण, झीज, सगळं तिथे. नवीन गाडी सुरुवातीला जपून चालवायला सांगतात तेही यासाठीच, शिखरं एकमेकांना घासून बसायची असतात.

म्हणजे मी काय समजलो असेन? की साहेबांनी लिहिलंय, याने अ‍ॅस्पेरिटी मार्क केली! लाल रंगाने! मी दोन दिवस हवेत. इन्स्पेक्शनच्या चौघांना वडापाव खिलवला. पगारवाढ दीडशे रुपये कशी, हे कोडं मात्र सुटेना.

ते मेव्हण्याने सोडवलं. तो कॉलेजात इंग्रजी शिकवतो. रविवारी घरी आला होता, मी कौतुकाने कागद दाखवला. त्याने वाचला, चष्मा काढला आणि बहिणीकडे बघून म्हणाला, “ताई, ‘मार्क्ड’ म्हणजे ठळक. दाजींना साहेबांनी खडूस म्हटलंय.”

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये. म्हटलं, “साहेब, माझी अ‍ॅस्पेरिटी किती मायक्रॉन भरली?” ते हसले नाहीत. म्हणाले, “हीच. हिलाच म्हणतात.”

मेव्हण्याशी तेव्हापासून वाद आहे. त्याचं म्हणणं, खरा अर्थ बोलण्या-वागण्यातली तिखटाई, तुमच्या कारखानेवाल्यांनी तो नंतर पत्र्याला चिकटवला. पुरावा म्हणून तो डॉ. जॉन्सनचं १७५५ सालचं पत्र काढतो. जॉन्सन इंग्रजीचा कोश रचत होता तेव्हा ज्याच्या आश्रयाची आशा होती त्या लॉर्ड चेस्टरफील्डने विचारपूस केली नाही, आणि काम होत आल्यावर स्तुतीचे लेख लिहिले. जॉन्सनने त्याला कळवलं की ज्यातून काही मिळालं नाही त्याचे उपकार न मानणं ही काही फार मोठी अ‍ॅस्पेरिटी नसावी. पत्र झकास आहे. दीडशे रुपयांच्या वाढीनंतर तर जास्तच पटतं. पण त्याने मेव्हण्याचा मुद्दा सिद्ध होत नाही.

कारण मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘आस्पेर’ म्हणजे हाताला लागणारं, खरबरीत. त्यावरून ‘आस्पेरितास’. रोमन लोक आंबूस दारूला, वाईट हवेला, कठीण दिवसांनाही आस्पेर म्हणायचे, आपण एकच ‘राठ’ केसाला आणि माणसाला लावतो तसं. तिथून शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि सुमारे १२०० साली इंग्रजीत आला तो कष्ट, हाल या अर्थाने. स्वभावातली तिखटाई? ती इंग्रजीत सापडते सतराव्या शतकात! म्हणजे मेव्हण्याचा ‘खरा’ अर्थ घरात सगळ्यात उशिरा आलेला. हे मी त्याला छापील दाखवलंय. तो विषय बदलतो.

‘एक्झास्परेट’ (चिडवून बेजार करणं) याच घरातला, एखाद्याला घासून घासून खरबरीत करणं. कोकणात खरवत म्हणून झाड असतं, उंबराच्या जातीचं, पानं काचकागदासारखी. त्याचं शास्त्रीय नाव फायकस एक्झास्पेराटा. ऑस्टेरिटीशी (कडक साधेपणा) मात्र गल्लत करू नका. ती ग्रीक घराण्यातली, वेगळी.

आणि खरबरीत म्हणजे वाईट, हे कोणी ठरवलं? सुएटोनिअस या रोमन चरित्रकाराने लिहून ठेवलंय की नीरो बादशहा वसुलीत नाणं मागायचा ते ‘आस्पेर’. म्हणजे टाकसाळीतून नुकतं निघालेलं, उठाव न झिजलेलं. गुळगुळीत नाणं म्हणजे हजार हातांतून गेलेलं.

आमच्या आईला हे लॅटिनशिवाय कळत होतं. दारावरून आरोळी यायची, “पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ”, की ती मसाला अर्धा टाकून उठायची. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की मिरची वाटली जात नाही, वरवंट्याखाली नुसती सरकते. टाकीवाली बाई उन्हात बसून छिन्नीने टिकटिक करत सगळ्या पाट्यावर दाणे उठवायची. मग आई तळहात फिरवून बघायची. माझ्या टेस्टरइतकाच अचूक तळहात. एखादा कोपरा राहिला असेल तर पैसे देण्याआधी तिथे बोट ठेवायची, बोलायची काही नाही.

इंजिनाच्या सिलिंडरलाही होनिंग करून मुद्दाम तिरक्या रेघा ठेवतात, तेल धरून राहावं म्हणून. आणि अगदी गुळगुळीत केलेले दोन स्लिप गेज (माप तपासायचे ठोकळे) एकमेकांवर सरकवून दाबा, चिकटतात, ओढून सुटत नाहीत. जो तो साहेबांना चिकटलेला, अशी ऑफिसं मी पाहिली आहेत. असो.

तो लॉट साहेबांच्या सहीने गेला. चारेक महिन्यांत तक्रारी आल्या, ऑइल गळतंय. सीलची रबरी कड त्या शिखरांवर घासून संपली होती. बैठक झाली. माझ्या लाल खुणांबद्दल कोणी बोललं नाही.

आता मेव्हण्यासाठी नाही, तुमच्यासाठी. लेखात, ललित इंग्रजीत हा शब्द भेटला तर बहुतेक वेळा स्वर किंवा स्वभावच समजा. यंत्रांच्या पुस्तकात उंचवटे. भूकंपशास्त्रात अजून तिसरंच, भूकवचातल्या भेगेच्या दोन बाजू जिथे घट्ट अडकून राहतात ते ठिकाण. ‘खरा कोणता’ याला उत्तर नाही, मजकूर बघावा लागतो. बोलताना मात्र वापरू नका. ‘हार्श’ म्हणा, ‘रफ’ म्हणा, समोरच्याला कळेल. उच्चारात जोर ‘स्पे’वर.

आणि हो, साहेबांचं तेव्हा सगळंच चुकलं असं नाही. कस्टमरच्या देखत बोलायला नको होतं, केबिनमध्ये जाऊन सांगता आलं असतं. हे मला कळायला बरीच वर्षं लागली. तरी ०.९ म्हणजे ०.९.

कागद अजून फाइलमध्ये आहे. मेव्हणा फोन करतो तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं: “काय दाजी, आज किती मायक्रॉन?”