पत्रा सकाळी बरोबर, दुपारी लांब

प्रश्न : काका, नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत आमची छताचे रंगीत पत्रे काढायची मशीन आहे. महिनाभरापासून माप जुळत नाही. सकाळी पहिले दोन तास पत्रा बरोबर निघतो, दुपारी लांब. काल दुपारी 2 मीटरचा पत्रा 4 मिलिमीटर जास्त भरला, 6 मीटरचा 10 मिलिमीटर. मधूनच एखादा पत्रा एकदम 25-30 मिलिमीटरनं लांब. ऑपरेटर म्हणतो नवतपा सुरू आहे, लोखंड फुगतं. मेकॅनिक दर दुपारी स्क्रीनवरचा मापाचा आकडा बदलतो, की दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रे आखूड. आता तो म्हणतो, एन्कोडर (पत्र्याची लांबी मोजणारा भाग) अन् पीएलसी (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) दोन्ही नवे घ्या. देखभालीत आमची कसूर नाही. हेल्पर रोज सकाळी अख्खी मशीन पुसून घेतो. काय करू?
– एक कारखानदार, हिंगणा

उत्तर : भाऊ, अजून एक रुपयाही खर्च करू नका. आणि त्या मेकॅनिकला आठ दिवस स्क्रीनला हात लावू देऊ नका.

आधी नवतप्याचं पाहू, कारण नागपुरात मे महिन्यात काहीही बिघडलं की खापर उन्हावरच फुटतं. लोखंडाचा एक मीटर एका अंशाला 0.012 मिलिमीटर वाढतो. पत्रा तुमच्या टेपपेक्षा 20 अंशांनी जास्त तापलेला धरला, तरी 6 मीटरला दीड मिलिमीटरच्या आतच फरक पडतो. टेपही पोलादाचाच, तोही सोबत वाढतो. तुमचा फरक 10 चा आहे. उन्हाला सोडून द्या.

आता तुमचेच आकडे घ्या. 2 मीटरला 4, 6 मीटरला 10. म्हणजे चार मीटर वाढले तर चूक 6 नं वाढली, मीटरमागे दीड मिलिमीटर. या हिशेबानं 2 मीटरला 3 यायला हवे होते, आले 4. तो वरचा एक मिलिमीटर लांबीवर अवलंबून नाही, तो थांबण्याचा आहे : मोटर बंद झाल्यावर पत्रा जरासा पुढे सरकतो, मग पातं पडतं. तेवढ्यासाठी पॅनेलमध्ये वेगळा आकडा असतो, त्यात एक वजा केला की झालं. मशीन हायड्रॉलिक मोटरवर चालत असेल तर दुपारी तेल पातळ होऊन हे सरकणं थोडं वाढतंही. पण ती चूक 2 मीटरला जेवढी, तेवढीच 6 मीटरला. तुमची तशी नाही.

खरा रोग मीटरमागच्या त्या दीड मिलिमीटरमध्ये आहे. एन्कोडरच्या दांड्यावर पत्र्याला टेकून फिरणारं चाक पाहा. बऱ्याच मशीनवर त्याचा परीघ 200 मिलिमीटर असतो, म्हणजे व्यास 63.66. चाकाच्या एका फेऱ्याला एन्कोडरचे इतके पल्स, म्हणजे विजेचे ठोके, एवढंच मशीनला ठाऊक. चाक मोठं झालं तर तेवढ्याच पल्समध्ये जास्त पत्रा निघून जातो, आणि मशीन बिचारी प्रामाणिकपणे चुकीचं कापते. व्यास किती वाढला की दीड मिलिमीटरची चूक होते? 0.1. म्हणजे चाकावर चहूबाजूनं 0.05 चा थर. वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्मा.

तो थर कुठून येतो, हे तुम्हीच लिहून पाठवलंय. हेल्पर सकाळी मशीन पुसतो. पुसलेल्या चाकावर सकाळचे दोन तास माप बरोबर. मग कॉइलचं (पत्र्याच्या गुंडाळीचं) तेल, धूळ आणि रंगावरच्या संरक्षक फिल्मचा डिंक मिळून चाकावर गोंदासारखा थर बसतो, उन्हात तो आणखी चिकटतो. दुपारी मेकॅनिक जाड झालेल्या चाकाप्रमाणे आकडा जुळवतो, सकाळी हेल्पर चाक पुन्हा बारीक करतो. दोघंही आपापलं काम मन लावून करताहेत, अन् पत्रा आखूड.

उद्या एवढंच करा. स्क्रीनचा आकडा सकाळच्या, पुसलेल्या चाकावर जुळवून तसाच ठेवा. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी 6 मीटरचा एक पत्रा कापून मापा. मग फक्त चाक स्पिरिटच्या फडक्यानं पुसा, बाकी कशाला हात लावू नका, आणि दुसरा कापा. दुसरा बरोबर निघाला तर पीएलसीचे पैसे वाचले. नंतर चाकाला घासून राहील असा नमद्याचा तुकडा पट्टीवर बसवून घ्या, किंवा चाक पत्र्याच्या फिल्म नसलेल्या बाजूला टेकवा.

मधूनच येणारे 25-30 हा दुसराच आजार. चाक घसरलं की पल्स कमी पडतात, म्हणून घसरण पत्रा नेहमी लांबच करते, आखूड कधीच नाही. चाकाची स्प्रिंग ढिली आहे का, बेअरिंग बोटानं फिरवल्यावर अडतं का, हे पाहा. पण माझा पहिला संशय कपलिंगच्या, म्हणजे दांड्यावरच्या जोडाच्या, ग्रब स्क्रूवर (जोड आवळून धरणारा बिनडोक्याचा स्क्रू). दांडा आणि कपलिंग यांच्यावरून पर्मनंट मार्करनं एक सरळ रेघ ओढा. अर्धा दिवस मशीन चालवा. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू सरकतोय. हा उपाय पाच रुपयांत होतो, म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

पत्रे कधी अवचित आखूड निघाले असते तर मी वायरिंगकडे वळलो असतो. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्राच्या) मोटर केबलला खेटून एन्कोडरची वायर नेली की खोटे पल्स घुसतात, मशीनला वाटतं माप भरलं. पत्रा जागेवर उभा असताना शेडमधली वेल्डिंग मशीन चालू करा. पॅनेलवरचा आकडा हलला तर चोर सापडला. तुमच्याकडे मात्र मला तशी चिन्हं दिसत नाहीत.

आणि टेप. हे लाज सोडून सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी वाडीच्या एका शेडमध्ये मी तीन दिवस एक-दोन मिलिमीटरच्या मागे धावत होतो. आकडा बदल, चाक बदल, सगळं झालं. शेवटी कळलं, टेपच्या टोकाचा हूक हलतो म्हणून तिथल्या पोरानं तो हातोडीनं ठोकून पक्का केला होता. तो हलायलाच पाहिजे ना जी! स्वतःच्या जाडीइतका तो मागेपुढे होतो, म्हणून अडकवून मापा की टेकवून मापा, माप एकच येतं. तेव्हापासून मी 100 च्या खुणेवरून मापायला सुरुवात करतो आणि शेवटी 100 वजा करतो. शिवाय अचूकतेच्या दुसऱ्या वर्गाच्या 10 मीटरच्या टेपला नियमानंच 2.3 मिलिमीटरची सूट असते. इतवारीच्या लोहा ओळीतून टेप आणाल तर तिच्या पट्टीवरचा वर्ग वाचून आणा, आणि गिऱ्हाइकाशी मापावरून भांडण्याआधी त्याची टेप तुमच्या टेपशेजारी लावून पाहा.

प्रश्न : कापडाचा रोल गुंडाळताना मीटर 100 दाखवतो, चार दिवसांनी उघडून मोजलं की साडेअठ्ठ्याण्णव. मीटर खराब आहे का? – गांधीबाग

उत्तर : मीटर बहुधा बरोबर आहे, कापड ताणलेलं आहे. रोलरचा ताण जास्त असला की कापड ओढलेल्या अवस्थेत मापलं जातं, सुटलं की आपल्या जागी येतं. विणलेल्या सुतीत हे कमी, होजिअरीत फार. ब्रेक ढिला करा. रोलमधून 5 मीटर कापड टेबलावर सोडून रात्रभर पडू द्या, सकाळी न ओढता लाकडी गजानं मापा. जो फरक येईल तोच तुमचा ताण. माझे वडील गिरणीत घडीखात्यात होते. पोरानं ठाण ओढून मोजलं की ते परत मोजायला लावत, आणि त्या दिवशी त्याचा चहा बंद.