अजून अकरा रात्री

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, ‘काकू, झोपच लागत नाही. बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली.’ तीन वर्षांनी गणपतीला कुडाळला निघालायस, शांत झोप लागली असती तर मलाच काळजी वाटली असती. म्युनिकमध्ये माझी 26 वर्षं गेली, तरी जायची तारीख जवळ आली की अजून माझं दूध उतू जातं.

ही हुरहूर आता घरी पोचेपर्यंत जायची नाही. तिच्या हाती काहीतरी काम दे. आई रोज विचारते ना, ‘आल्यावर जेवायला काय करू?’ तू म्हणतोस, ‘काहीही चालेल.’ तसं म्हणू नकोस. काळ्या वाटाण्याचं सांबार नि आंबोळ्या हव्यात म्हणून सांग. सध्या तुझ्या दुपारी साडेतीनला तिकडे सात वाजतात, दिवेलागण झालेली असते, तेव्हा फोन कर. तीही रात्री मोजतेय रे. तिला वाटाणे आणून ठेवू दे, निवडू दे.

दुसरं जे सांगणार आहे, त्यात मी स्वतः चुकले आहे. पहिल्यांदा घरी गेले ती चार वर्षांनी. त्या चार वर्षांत रोज रात्री मनातल्या मनात घरभर फिरायचे. खळं, पडवी, शेणाने सारवलेली जमीन, पायाला लागणारा तिचा गारवा. प्रत्यक्षात आत पाऊल टाकलं तर पायाखाली गुळगुळीत टाइल्स. आणि चार वर्षांनी माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘हे कशाला केलंत?’

बाबा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी वहिनीने सांगितलं, गुडघ्यांमुळे आईला खाली बसून सारवणं जमेनासं झालं होतं. आणि लेक यायच्या आत काम पुरं व्हायला हवं म्हणून बाबा महिनाभर गवंड्याच्या मागे लागले होते. आजही आठवलं की पोटात कालवतं.

तुझ्याही घरात काही ना काही बदललं असेल. व्हिडिओवर दिसतात त्यापेक्षा बाबा थकलेले वाटतील. दारात उभा राहून त्यावर एक शब्दही काढू नकोस. पहिले दोन-तीन दिवस नुसता घरात वावर. गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटवी बांधायला बाबांबरोबर रानातून कवंडळाची फळं घेऊन ये, शिडीवर तू चढ, खालून ते सांगतील तसं बांध. रात्री वाडीतली भजनं घरोघर फिरतात, त्यांच्याबरोबर झांज घेऊन जा. मुंबई-पुण्याचे मित्र नंतर भेटतील. न भेटले तरी चालेल, स्पष्टच सांगते. परतीची तारीख कुणी विचारली तरच सांग.

कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात गाडी हळू चालते, उशीर धरूनच चल. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तो संपून हिरवं दिसलं की मला हमखास रडू येतं. तुलाही आलं तर येऊ दे.

तुझी,
काकू

ता. क. तुझी गाडी, तुतारी एक्सप्रेस, दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. म्हणजे तिकिटावर 10 तारीख असेल, तर 9 तारखेला रात्री जेवून स्टेशनवर यायचं. आत्ताच उठून तिकीट बघ.