फ्रान्झ फर्डिनंडचा पहिला अल्बम रॉक आहे की डान्स?

तुमचा प्रश्न असा: मित्राने ‘डान्स अल्बम’ म्हणून फ्रान्झ फर्डिनंड या बँडचा 2004 चा पहिला अल्बम सुचवला, ऐकायला बसलात तर सगळीकडे गिटारच गिटार. मग यात डान्स आहे कुठे?

ड्रममध्ये आहे. मी एका हौशी बँडमध्ये ड्रम वाजवतो, तेव्हा मी असंच म्हणणार हे उघड आहे. पण एकदा गिटार आणि गाणं दोन्हीकडे दुर्लक्ष करून फक्त पॉल थॉमसनचे हातपाय ऐका. बऱ्याच गाण्यांत किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चारही मात्रांवर सरळ पडतो, आणि दोन मात्रांच्या मधल्या जागेत हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, किंचित उघडून ‘च्स्स’ करतो. हा सत्तरच्या दशकातल्या डिस्कोचा ठेका, जसाच्या तसा. वरच्या गिटारीही त्याच तालाला बांधलेल्या. तार छेडली की लगेच दाबून आवाज तोडायचा, लांबलचक सोलोच्या वाटेला जायचं नाही. अ‍ॅलेक्स काप्रानोस आणि निक मॅकार्थी यांच्या दोन गिटारी एकमेकींच्या मोकळ्या जागा भरत राहतात, म्हणून त्यांचाही ठेकाच होतो. कीबोर्ड आहे, पण तोंडी लावण्यापुरता.

हे ठरवून केलेलं होतं. मुलींना नाचता येईल असं संगीत करायचं, हे बँडवाले सुरुवातीपासून सांगत आले. आणि बँड तरी कसा जमला पाहा. बॉब हार्डी ग्लासगोच्या आर्ट स्कूलमधला चित्रकार, त्याने बेस कधी हातात धरलेला नव्हता. बेल अँड सबॅस्टियन बँडच्या मिक कुकने काप्रानोसला एक बेस गिटार दिलं होतं, त्याचं काहीतरी चांगलं कर या अटीवर. त्याच्यावर हार्डी शिकला. मॅकार्थी म्युनिकमध्ये रीतसर पियानो आणि डबल बेस शिकलेला, तर तो आधी ड्रमवर बसला, आणि ड्रम वाजवून कंटाळलेला थॉमसन गिटारवर. मग दोघांनी अदलाबदल केली. नशीब आपलं! काप्रानोस तर अल्बम आला तेव्हा एकतीस वर्षांचा होता. स्वयंपाकी म्हणून काम कर, शिकवायला जा, असं करत ग्लासगोतल्या छोट्या बँडांमध्ये त्याने बरीच वर्षं काढली होती. शहरातली एक ओसाड इमारत त्यांनी ताब्यात घेतली, तिला ‘शातो’ असं ऐटबाज नाव दिलं आणि तिथे पार्ट्या करू लागले. पोलीस येईपर्यंत ते चाललं. समोर नाचणारी माणसं असताना गाणी घडली, हे ऐकताना जाणवतं.

ग्लासगोत याची परंपराही होती. 1980 च्या आसपास तिथल्याच ऑरेंज ज्यूस या बँडने शीक या अमेरिकी डिस्को बँडचं गिटार उचलून आपल्या पोरकट, हळव्या गाण्यांत घातलं होतं. लीड्सच्या गँग ऑफ फोर या बँडचंही नाव सगळे घेतात, पण मला ऑरेंज ज्यूसचं नातं जास्त जवळचं वाटतं. त्यांच्यातला खट्याळपणा इथे आलाय.

आता ‘टेक मी आउट’. हे गाणं तुम्ही नक्की कुठेतरी ऐकलं असणार. आपल्याकडे भजन असो की ढोलपथक, लय चढत जाते. रंग भरायचा म्हणजे वेग वाढवायचा. इथे बरोबर उलटं. पहिलं मिनिटभर गाणं पळतं, मग सगळे मिळून एकच स्वर ठोकत ठोकत लय खाली आणतात, आणि मिनिटाला साधारण 105 ठोक्यांवर येऊन ती जड, पाय आपटायला लावणारी धून सुरू होते. खरा नाच तिथून पुढे. वाजवायला बसलं की कळतं हे किती कठीण आहे. चौघांनी एकाच मापाने हळू व्हायचं असतं, आणि आमच्यात प्रत्येक वेळी कोणीतरी आधीच खाली पोचलेला असतो. जानेवारी 2004 मध्ये हे गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. गाण्यातला निशाणा धरून बसलेला बंदूकधारी आणि बँडचं नाव यांचा संबंध शाळेत पहिलं महायुद्ध शिकलेल्या कोणालाही लागेल.

अल्बम स्वीडनमधल्या माल्मोला टोरे योहान्सनने रेकॉर्ड केला, म्हणजे कार्डिगन्स या बँडचं ‘लव्हफूल’ हे गाणं करणाराच माणूस. म्हणूनच आवाज इतका स्वच्छ आणि कोरडा आहे. बेस आणि किक एकमेकांत मिसळून गिचका होत नाही. फेब्रुवारीत डॉमिनो कंपनीने तो काढला आणि त्याच वर्षी त्याला मर्क्युरी हा ब्रिटनमधला अल्बमचा पुरस्कार मिळाला. गायिका एमी वाइनहाउसचा पहिला अल्बमही त्या वर्षी स्पर्धेत होता. माझं मत विचाराल तर ‘चीटिंग ऑन यू’ हे भरतीचं गाणं आहे, गाळलंत तरी चालेल.

ऐकण्याचा क्रम? ‘जॅकलीन’पासूनच सुरू करा. आधी काप्रानोस जवळजवळ कुजबुजत गातो, मग हार्डीचा बेस एकटाच शिरतो, आणि मग सगळा बँड अंगावर येतो. पुढे ‘द डार्क ऑफ द मॅटिने’ आणि ‘धिस फायर’. ‘मायकल’ मात्र शब्दांकडे लक्ष देऊन ऐका. डान्स फ्लोअरवर एका पुरुषाला दुसऱ्या पुरुषाची पडलेली भूल, कसलीही सारवासारव न करता गायलेली. तेव्हाच्या गिटारवाल्या बँडांत असं फारसं कोणी गात नव्हतं.

एवढं करूनही हा डान्स पुरेसा वाटला नाही, तर त्यांचा 2009 चा तिसरा अल्बम ‘टुनाइट’ घ्या. त्यातलं ‘ल्युसिड ड्रीम्स’ जवळजवळ आठ मिनिटांचं आहे आणि शेवटी गिटार सोडून सिंथवरच (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर) धावतं. तुमच्या मित्राला डान्स म्हणून बहुधा तेच सुचवायचं असावं.