गुठळी ओढून घेणारी नळी

प्रश्न : वडिलांच्या हृदयाच्या उजव्या कप्प्यात रक्ताची मोठी गुठळी आहे. छाती न उघडता ती नळीने ओढून काढता येते, असं ऐकलं. ते कसं? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येते, पण सगळ्यांची नाही. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून सुमारे 22 फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप), म्हणजे 7 मिलिमीटरहून थोडी जाड नळी आत नेतात. टोकाशी नरसाळ्यासारखं उघडणारं तोंड असतं. पंप रक्त ओढतो, गाळणीत गुठळी अडकते आणि गाळलेलं रक्त दुसऱ्या शिरेतून परत जातं. त्यामुळे रक्त वाया जात नाही. फुप्फुसांचं काम चालूच राहतं, म्हणून ऑक्सिजनेटर, म्हणजे रक्तात प्राणवायू मिसळणारं यंत्र, लागत नाही. आधी हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देऊन रक्त गोठण्याची वेळ 250 ते 300 सेकंदांच्या वर नेतात. नाहीतर नळ्यांतच रक्त गोठेल.

अडचण कुठे येते? तोंड शिरेच्या भिंतीला चिकटलं की नळ्या थरथरतात, प्रवाह पडतो. तेव्हा पंपाचा वेग वाढवायचा नाही, कमी करायचा. गाळणी भरली तरी प्रवाह पडतो. अन्ननलिकेतून सोनोग्राफी सतत चालू हवी, कारण ताठ नळीने हृदयाला भोक पडू शकतं. जुनी, भिंतीला घट्ट चिकटलेली गुठळी बहुधा सुटत नाही.

आंबा घाट चढून कोल्हापूरला किंवा मुंबईला निघण्याआधी तिथे पंप चालवणारा परफ्युजनिस्ट आणि हृदयशल्यचिकित्सक आहेत ना, हे फोनवर विचारा. हेपरिन इथेच सुरू करायचं का, हेही डॉक्टरांना विचाराच. दम लागला किंवा चक्कर आली तर वाट पाहू नका, 108 बोलवा.