‘यिंगश्योंग’: नायक, हीरो की वीर?

प्रश्न असा आहे: झांग यिमोऊ यांच्या २००२ सालच्या ‘हीरो’ या चित्रपटाचं मूळ चिनी नाव ‘यिंगश्योंग’. मराठी उपशीर्षकं करताना ते ‘नायक’ करावं, ‘वीर’ करावं, की ‘हीरो’च राहू द्यावं? आणि या प्रकारच्या चित्रपटांना ‘वुक्सिया’ म्हणतात, त्याला मराठी प्रतिशब्द आहे का?

नावासाठी ‘वीर’ घ्यावं. बाकीचे दोन्ही शब्द इथे चुकीच्या ठिकाणी नेतात.

‘हीरो’ मराठीत कधीचाच रुळला, पण रुळताना त्याचा अर्थ आक्रसला. तो पडद्यावरचा मुख्य नट झाला आणि पुढे ‘स्वतःला हीरो समजतो’, ‘हीरोगिरी बंद कर’ असा टोमण्यातही आला. ‘नायक’ हा कथेचा असतो: नाट्यशास्त्रातला धीरोदात्त असो वा धीरललित, गोष्ट ज्याच्याभोवती फिरते तो नायक. त्यानं काही थोर करायलाच हवं असं नाही. चिनीत या अर्थाला ‘नान चूच्युए’, म्हणजे मुख्य पुरुषभूमिका, असा अगदी वेगळा शब्द आहे. इथे जेट ली यांची ‘अनाम’ ही भूमिका ‘चूच्युए’ आहे यात वाद नाही. ‘यिंगश्योंग’ कोण, हा मात्र चित्रपटानं विचारलेला प्रश्न आहे, आणि शीर्षकात ‘नायक’ लिहिलं की तो प्रश्नच बुजतो.

शब्द फोडून पाहू. ‘यिंग’ म्हणजे फूल, बहर, आणि त्यावरून निवडक, उत्तम. ‘श्योंग’ म्हणजे नर. त्या अक्षरात पक्ष्याचं चिन्ह आहे, कारण मुळात तो नर पक्षी. तिसऱ्या शतकातल्या ल्यू शाओ यानं माणसं पारखण्यावरच्या ग्रंथात याची फार नेमकी फोड केली आहे: वनस्पतींत जी सर्वांत सरस ती ‘यिंग’, कळपात जो उठून दिसतो तो प्राणी ‘श्योंग’, म्हणून माणसातली असामान्य बुद्धी म्हणजे ‘यिंग’ आणि असामान्य धाडस म्हणजे ‘श्योंग’. नुसता शूर किंवा नुसता हुशार माणूस अपुरा. म्हणूनच ‘शूर’ हा प्रतिशब्द अर्धाच पडतो.

‘वीर’ का पुरतो? आपल्या वीररसाचे जुने भेदच पाहा: युद्धवीर, दानवीर, दयावीर, धर्मवीर. चारांपैकी तीन प्रकारांत तलवार उपसावीच लागत नाही. या चित्रपटाला नेमकी हीच जागा हवी आहे. छिन या प्राचीन चिनी राज्याच्या राजाला मारायला दहा पावलांवर येऊन बसलेला अनाम त्याला मारत नाही. शेवटी त्याच्यावर बाणांचा वर्षाव होतो आणि मागच्या दारावर बाणांच्या दाटीत माणसाच्या आकाराची मोकळी जागा तेवढी उरते. मग त्याचं शव सन्मानानं नेलं जातं. मराठी वाचकाला इथे वीरगळ आठवेल: खालच्या चौकटीत लढाई, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवपिंडीची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. वीरमरण, वीरगती, वीरगळ… मराठीतल्या ‘वीर’ला मरणाची जी छाया आहे ती ‘हीरो’ला नाही.

व्याकरणाचीही मोठी सोय होते. चिनी नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागलेला नाही, त्यामुळे ‘यिंगश्योंग’ एक की अनेक हे शीर्षकावरून कळत नाही. आणि हा संदेह मोलाचा आहे. तीच हकीकत रंग बदलून पुन्हा सांगितली जाते. लाल रंगात अनामची बनावट कहाणी, निळ्यात राजाचा तर्क, पांढऱ्यात खरं घडलेलं. दर रंगात थोरवीचा मान वेगळ्याकडे झुकतो: निळ्यात स्वतःहून मरण पत्करणाऱ्या फेइश्वे या मारेकरी स्त्रीकडे, पांढऱ्यात हत्येचा बेतच सोडून देणाऱ्या तिच्या प्रियकराकडे, त्सानच्येनकडे. मराठीत ‘वीर’ अकारान्त पुल्लिंगी, म्हणून एक वीर आणि चार वीर, रूप तेच. ‘वीरपुरुष’ किंवा ‘महावीर’ असं सजवू नका. पहिल्यानं फेइश्वे बाहेर पडते, दुसऱ्यानं थेट वर्धमान महावीर डोळ्यांपुढे येतात. (‘श्योंग’ म्हणजे नर असूनही चिनीत हा शब्द स्त्रीलाही लावतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मादीवाचक ‘त्स’ जोडून ‘यिंगत्स’ असा शब्द मुद्दाम घडवला गेला, पण तो फारसा टिकला नाही.)

आता ‘वुक्सिया’. हे लेखन चूक आहे. रोमन लिपीतलं ‘एक्स’ हे अक्षर चिनी लिप्यंतरात ‘श’च्या जवळचा उच्चार दाखवतं, ‘क्स’ नव्हे. म्हणून ‘वूश्या’. तसंच ‘यिंगश्योंग’, ‘यिंगक्सिओंग’ नव्हे.

‘वू’ म्हणजे शस्त्रबळ. हे अक्षर ‘थांबणे’ आणि ‘क’ (लांब दांड्याचं, आडव्या पात्याचं शस्त्र) मिळून झालं, म्हणजे शस्त्र थांबवणं हेच खरं शौर्य, असा अर्थ ‘त्स्वोच्वान’ या प्राचीन ग्रंथात छू राज्याच्या राजाच्या तोंडी आहे. अर्थ सुंदर आहे, पण व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही: ‘थांबणे’चं ते चिन्ह मुळात पाऊल आहे, आणि अक्षराचा अर्थ शस्त्र घेऊन चालून जाणं असा होतो.

‘श्या’ अधिक अवघड. हान फेइ या विचारवंतानं ‘पाच किडी’ या लेखात ‘श्या’ म्हणवल्या जाणाऱ्या माणसांवर ठपका ठेवला की ते शस्त्राच्या जोरावर मनाई मोडतात. तो लेख वाचून लेखकाला भेटण्याची ओढ लागली ती कोणाला? छिनच्या राजाला, ज्यानं पुढे इ.स.पू. २२१ मध्ये सात राज्यांचं एक साम्राज्य केलं. चित्रपटातला राजा तोच. शतकाभरानंतर इतिहासकार सिमा छियेननं मात्र ‘श्या’ लोकांवर स्वतंत्र प्रकरण लिहून त्यांचे गुण मांडले: दिलेला शब्द पाळणं, संकटातल्याच्या मदतीला धावणं, स्वतःच्या देहाची पर्वा न करणं. मराठीत याला ‘शब्दाला जागणारा, जिवावर उदार झालेला’ असं वर्णन चपखल बसतं, पण एकच शब्द नाही. म्हणून ‘वूश्यापट’ म्हणावं; बोलपट, चरित्रपट यांच्या पंगतीत तो सहज बसतो. ‘कुंगफूपट’ नको, कारण त्यात हातापायांच्या कसरतीवर भर येतो. वूश्यात तलवार, वचन आणि पाण्यावरून तरंगत जाणारे लढवय्ये. ‘कराटेपट’ तर अजिबात नको. कराटे ओकिनावाचं.

ज्याला उपशीर्षकं करायची आहेत त्यानं आणखी एका शब्दाची तयारी ठेवावी: ‘थ्येनश्या’, शब्दशः ‘आभाळाखालचं’. अनामला अडवण्यासाठी त्सानच्येन वाळूत ही दोनच अक्षरं लिहितो. २००४ साली अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीत त्याचं भाषांतर ‘आपली भूमी’ अशा अर्थाचं केलं होतं आणि त्यावर बरीच टीका झाली. टीका रास्त होती. फेइश्वे चाओ राज्याची, तिचा बाप छिनच्या सैन्याकडून मारला गेलेला. तिच्या लेखी छिनच्या राजाची भूमी ‘आपली’ कशी? ‘देश’, ‘राष्ट्र’ यांनीही तोच घोटाळा होतो. ‘भूमंडळ’ अर्थानं बरोबर आहे, पण कानाला रामदासी वाटतं. ‘सारी पृथ्वी’ लिहावं: वाळूत दोन अक्षरं, खाली दोन शब्द.