वाकळ नकोशी झाली म्हणजे कला गेली का?

उन्हाळा सुरू झाला की आमच्याकडे समुपदेशनाला ही तक्रार घेऊन कुणीतरी येतंच. शिवणारी असो, विणणारी असो, रांगोळी काढणारी असो, तिचं म्हणणं साधारण एकच असतं : "ज्या कामानं डोकं शांत व्हायचं, तेच आता नको वाटतंय. काही सुचत नाही. माझ्यातलं काहीतरी गेलं का?" खालची हकीकत बेळगावातल्या वडगाव भागातल्या एका वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणाऱ्या बाईंची आहे. त्यांना इथे अक्का म्हणू. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींचे तपशील त्यात एकत्र केले आहेत.

वय 47. माहेर खानापूर तालुक्यातलं, सासरी पूर्वी माग होते. जुनी लुगडी, धोतरं आणि सुती साड्यांच्या वाकळा आठ वर्षांपासून ऑर्डरीवर शिवतात. मार्चपासून पाच पूर्ण केल्या आणि सहावी तीन आठवडे कोपऱ्यात घडी घालून पडली. "मॅडम, हात काय चालंना बघा. सुईचा डबा उघडला की छातीत धडधडतंय. पहिलं असं नव्हतं."

सुरुवातीला धडधडीकडे न जाता बाकीच्या दिवसाबद्दल विचारलं. झोप कशी? बरी. जेवण? व्यवस्थित. कैरीचं लोणचं घातलं का? घातलं, दोन बरण्या, शेजारच्या काकूंनाही दिलं. गुरुवारचं भजन? एकही चुकलं नाही. सुट्टीत आलेली नातवंडं? त्यांच्याबद्दल बोलताना चेहरा उजळला. ही उत्तरं महत्त्वाची होती. नैराश्याचा आजार एका कामापुरता थांबत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर खालचे कुठलेही उपाय करत बसू नये. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठावा, किंवा 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोलावं. 2022 साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची सेवा दिवसरात्र चालते. तिथे मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. अक्कांचं तसं नव्हतं. त्यांची तक्रार डब्यापाशी सुरू होत होती आणि डब्यापाशीच संपत होती.

मग कागद-पेन घेतलं. एकेरी वाकळ चार फूट रुंद, साडेसहा फूट लांब. अर्ध्या इंचाला एक ओळ धरली तर 96 ओळी. एक ओळ साडेसहा फुटांची, म्हणजे एकूण 624 फूट, जवळजवळ 190 मीटर नुसता धावदोरा. एका ओळीला किती वेळ? "पाव तास तरी लागतोय की." म्हणजे ओळींनाच 24 तास. तुकडे लावून वरचा थर जोडायला 9, थर अंथरून कच्चे टाके घालायला 3, काठ आणि कोपरे करायला 4. बेरीज 40 तास. मे महिन्यात त्यांनी तीन वाकळा कबूल केल्या होत्या, म्हणजे 120 तासांचं काम. घरचं आवरून रोज अडीच तास मिळत होते. 31 दिवसांचे कसेबसे 77.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. आठ वर्षांत कुणी हा हिशेब मांडलाच नव्हता. वाकळ म्हणजे फावल्या वेळचं काम, हे घरानं धरून चाललेलं आणि त्यांनीही. पण फावल्या वेळालाही मोजमाप असतं. 77 तासांत 120 तासांचं काम बसत नाही, हे शरीराला आधी कळलं होतं आणि ते डब्यापाशी धडधडून सांगत होतं.

भीती वाढते कशी, तेही इथे सांगायला हवं. डबा उघडला, धडधडलं, डबा बंद केला, बरं वाटलं. हे बरं वाटणंच घात करतं. टाळल्यावर सुटका होते हे मनाला पक्कं कळतं आणि पुढच्या वेळी धडधड जरा लवकर सुरू होते. म्हणून "थोडे दिवस सुई बाजूला ठेवा" हा घरच्यांचा प्रेमाचा सल्ला या ठिकाणी उलटा पडतो. सुई हातात राहिली पाहिजे. तिच्यावरचं ओझं मात्र उतरवायला हवं.

तीन ऑर्डरींपैकी एक त्यांनी परत केली, एक दिवाळीनंतरवर ढकलली. त्यासाठी फोनवर काय बोलायचं, हे आमच्यासमोर चार वेळा म्हणून पाहिलं. ऑर्डर नाकारायची सवय नसलेल्या माणसाला ती चार वाक्यं 96 ओळींपेक्षा जड जातात. "ताई, तुमची वाकळ घाईत शिवली तर टाका सैल पडेल, मला तसं द्यायचं नाही," या एका वाक्यावर त्या थांबल्या, कारण ते खरं होतं.

वेळही बदलली. त्या दुपारी दोनला, पत्र्याखाली, घामानं ओल्या हातांनी शिवायच्या. ओल्या बोटांत सुई घसरते, मग ती जास्त जोरानं धरली जाते, अंगठ्याचं मूळ दुखतं, मान आखडते, आणि या सगळ्याला आपण "मन लागंना" म्हणतो. आता सकाळी साडेसहा ते आठ. भिंतीला पाठ, मांडीखाली उशी, मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी. दर अर्ध्या तासानं उठून दाराबाहेर लांबवरच्या झाडाकडे नजर. दोरा दोन फुटांहून लांब घ्यायचा नाही. लांब दोरा पीळ खातो, गाठ पडते आणि गाठ सोडवता सोडवता माणूस चिडतो. श्वासाचा व्यायामही याच दोऱ्याला बांधला : सुईवर टाके भरताना चार मोजत श्वास आत, दोरा ओढताना सहा मोजत बाहेर. सोडण्याचा श्वास लांबला की नाडी हळूहळू खाली येते. वेगळं आसन घालून बसायची गरज पडली नाही.

उरलं "सुचत नाही". सुचायची वाट बघत बसू नका, असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो, पण नुसतं सांगून काही होत नाही. अक्कांना काम दिलं : नऊ इंचाचा एक चौकोन, फक्त तीन रंग, 40 मिनिटं. विकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही. झाल्यावर दोन आकडे लिहायचे, किती जमलं आणि किती बरं वाटलं, दोन्ही दहापैकी.

पहिला चौकोन फसला. जमलं 2, बरं वाटलं 1, आणि वर वाक्य : "बघा, हात गेलाच." चौकोन हातात घेतला तर वरचा थर सुनेच्या जॉर्जेट साडीचा, आतलं कापड जुनं सुती. जॉर्जेट घसरतं, ताणतं, टाक्यापुढे सरकत जातं आणि शेवटी चुण्या पडतात. त्यातून कच्चे टाकेही घातले नव्हते. मध्यापासून बाहेर जात, चार-चार बोटांवर कच्चे टाके घालून थर आधी धरून ठेवले असते तर निम्म्या चुण्या टळल्या असत्या. त्या हे सगळं जाणतात, दुसरीला शिकवतातही. तरी स्वतःचा चौकोन बिघडल्यावर त्यांनी कापड तपासलं नाही, थेट स्वतःला दोष दिला. म्हणून नियम घातला : काही बिघडलं की आधी कापड, मग दोरा, मग सुई, मग उजेड बघायचा. स्वतःचा नंबर पाचवा.

दुसरा चौकोन सुतीचा. तो खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी समाजातल्या, बायका कवंदी (त्यांची वाकळ) शिवतात त्या रीतीनं करायला सांगितला. आधी आखणी नाही. कडेच्या कोपऱ्यापासून तुकडे लावत, धावदोरा घालत, फेऱ्या मारत आत यायचं. पुढचा तुकडा कोणता, ते मागचा लावून झाल्यावर ठरतं. शेवटी चार कोपऱ्यांना घडीचे छोटे त्रिकोण बसवतात, त्यांना त्या फुला म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, असं मानतात. ज्यांना "पूर्ण नक्षी आधी डोळ्यांपुढे आली पाहिजे" असं वाटत असतं, त्यांच्यासाठी ही रीत फार मोलाची आहे, कारण इथे एका वेळी एवढंच ठरवायचं असतं : याच्या शेजारी काय शोभेल?

चौथ्या चौकोनाला त्यांनी शिंप्याकडून आणलेली गुळेदगुड्डच्या खणाची कातरण वापरली. खणाच्या अरुंद काठाचे तुकडे उभे न लावता तिरके लावले. असं का केलं, विचारल्यावर म्हणाल्या, "लहान होता तुकडा, सरळ बसंना." जमलं 6, बरं वाटलं 8. कमी रंग, कमी जागा, तोकडं कापड अशी अडचण आली की हात वाट काढतो. ढीगभर कापड आणि मोकळा महिना समोर असताना तोच हात गोंधळतो.

सातव्या चौकोनानंतर कोपऱ्यातली सहावी वाकळ उघडली. पहिल्या दिवशी फक्त दोन ओळी, धडधड असतानाही. चौथ्या दिवशी पाच. डबा बंद करायचा तो धडधड ओसरल्यावरच, तोवर सुई खाली ठेवायची नाही, एवढं पथ्य.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, ती वाकळ दोन उन्हं खाऊन, घडीत कडुलिंबाचा पाला घालून गिऱ्हाइकाकडे गेली. चौकोन अकरा झाले होते. ते जोडून विकायला काढू का, असं अक्कांनी विचारलं. या वर्षी नको, असं आम्ही सांगितलं. बाराव्यासाठी त्यांनी हळदी रंगाचं धोतर फाडून ठेवलं आहे.