टर्नटेबल, व्हॉल्व्ह अँप आणि रेकॉर्ड जर्मनीला नेताना

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून म्युनिकला बिऱ्हाड हलतंय, बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर), व्हॉल्व्ह अँप (काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर), उभे स्पीकर आणि दीडशेक एलपी रेकॉर्ड समुद्रमार्गे न्यावेत का, आणि पॅकिंग मूव्हर्सवर सोपवलं तर चालेल का?

न्या. जर्मनीतही २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच आहे, फक्त प्लग बदलावा लागेल. अमेरिकेला निघाला असतात तर टर्नटेबलबद्दल दहादा विचार करा म्हटलं असतं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवता येतं, पण साधी सिंक्रोनस मोटर (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) तिथल्या ६० हर्ट्‌झवर २० टक्के जोरात पळते आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड ४०च्या वेगाने वाजते.

पॅकिंगचं मात्र दोन भागांत वाटप करा. यंत्राच्या आतली बांधाबांध तुम्ही करायची, बाहेरचा खोका मूव्हर्सनी भरायचा आणि बंद करायचा. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती जड तबकडी, उचलून निघतो हे त्यांच्या माणसांना बहुधा माहीत नसतं, त्यामुळे आतलं काम त्यांच्यावर टाकू नका. उलट खोका तुम्हीच भरून चिकटपट्टी मारलीत, तर तो यादीत ‘मालकाने पॅक केलेला’ म्हणून चढतो आणि बऱ्याच विमा पॉलिसींत आतल्या मोडतोडीची भरपाई तिथेच संपते.

सगळ्यात नाजूक टर्नटेबल. प्लॅटर जागेवर ठेवून पाठवलात तर प्रत्येक आदळीला त्याचं सगळं वजन बेअरिंगवर बसतं. खोका बाहेरून धड दिसतो आणि आत स्पिंडल (मधला आस) वाकलेला असतो. म्हणून प्लॅटर, त्यावरची मॅट, बेल्ट आणि टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) मागचं वजन, म्हणजे काउंटरवेट, काढा. शक्य असेल तर हेडशेल (टोनआर्मचं पुढचं टोक) सुईच्या कार्ट्रिजसकट सोडवून केबिन बॅगेत घ्या. टोनआर्म मऊ वेष्टनाच्या तारेने त्याच्या स्टँडला बांधा, चिकटपट्टीने नको. उष्णतेने तिचा गोंद आर्मवर उतरतो. स्प्रिंगवर तरंगणारा सबचासी (आतली चौकट) असेल तर ती प्रवासात जखडणारे ट्रान्झिट स्क्रू घट्ट करा. प्लॅटर स्वतंत्र गुंडाळून खोक्याच्या तळाशी, वर घट्ट फोम, त्यावर टर्नटेबल. डस्ट कव्हर वेगळं. हा खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, सर्व बाजूंनी किमान ५ सेंमी ईपीई फोम (पॉलिथिलीनचा लवचिक फोम) ठेवून. वर्तमानपत्राचे गोळे नकोत, महिनाभराच्या हादऱ्यांनी ते दबतात आणि वस्तू सैल होते.

अँपचे व्हॉल्व्ह काढा, प्रत्येकावर सॉकेटचा क्रमांक लिहा, एकेक वेगळा गुंडाळा. अँपचं वजन ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला असतं, त्यामुळे मऊ फोम तिथेच चेपून तळाला टेकतो. पाय काढून त्याच भोकांतून अँप १२ मिमी प्लायवर बोल्टने कसणं उत्तम. बोल्ट अँपच्या आत मूळ स्क्रू जायचा तेवढाच जायला हवा, त्याहून लांब बोल्ट आतल्या वायरिंगला भिडू शकतो. क्रेट (लाकडी पेटी) करणार असाल तर भरीव लाकडाच्या पट्ट्यांवर आयएसपीएम-१५चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा, शिक्का लागतो; प्लायला लागत नाही.

स्पीकरचे स्पाइक (खालचे टोकदार पाय) आणि जाळ्या काढा. प्लस-मायनस टर्मिनल तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा, त्याने कोनची (आवाज काढणाऱ्या पडद्याची) हालचाल आपोआप दबते. लाकडावर आधी सुती कापड, मगच बबल रॅप; नाहीतर गरमीत बुडबुड्यांची नक्षी पॉलिशवर उमटते. न्हावा शेवा ते हॅम्बुर्ग प्रवासात कंटेनरच्या छताला दंव धरतं, तेव्हा प्रत्येक खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.

रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, एका खोक्यात चाळीस-पन्नास, ना सैल ना ठासून. तेवढ्याचंच वजन बारा-पंधरा किलो भरतं. उन्हात उभ्या कंटेनरच्या आत ५० अंशांच्या वर तापमान जातं आणि तिरकी टेकलेली एलपी तेवढ्यात वाकते. परत न मिळणाऱ्या पाच-दहा रेकॉर्ड हातसामानात न्या.

विमा ‘ऑल रिस्क’ (वगळलेलं सोडून सगळं नुकसान धरणारा) घ्या, ‘टोटल लॉस’ (सगळंच गेलं तरच भरपाई देणारा) नको. ‘यांत्रिक आणि विद्युत बिघाड’ वगळलाय का, ते वाचा. बहुतेकदा वगळलेला असतो आणि पैसे भरून जोडून घ्यावा लागतो. रक्कम जर्मनीतल्या किमतीने लिहा. सीरियल नंबरचे फोटो आणि यंत्र वाजत असतानाचा तारखेसह व्हिडिओ ठेवा.

कस्टममध्ये हे सामान ‘युबरझीडलुंग्सगूट’ (स्थलांतराचं घरसामान) म्हणून शुल्कमुक्त येऊ शकतं. त्यासाठी तुम्ही किमान १२ महिने युरोपीय संघाबाहेर राहिलेले हवेत, वस्तू किमान ६ महिने वापरातली हवी, आणि ती स्थलांतरानंतर १२ महिन्यांत आणायला हवी. पुढचे १२ महिने विकता येत नाही. तेव्हा निघायच्या आधी हौसेने नवा फोनो स्टेज (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) घेऊ नका.

सामान पोचलं की सही करण्याआधी चेपलेला प्रत्येक खोका पावतीवर नोंदवा. बाहेरून न दिसणारं नुकसान करारात आणि पॉलिसीत दिलेल्या मुदतीत लेखी कळवा, म्हणजे खोके लगेच उघडावेच लागतील. थंडीत आलं असेल तर उघडलेली यंत्रं एक दिवस तशीच राहू द्या, आतलं दंव सुकेल. मग टर्मिनलवरच्या तारा आठवणीने काढा आणि स्पीकर जोडल्यावरच अँप सुरू करा. तार राहिली तर शॉर्ट, आणि स्पीकरच जोडला नसेल तर व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.